चौघींची मार्थाताई

समोरच्या घराच्या कडीला कडुलिंबाची डहाळी अडकवलेली दिसली आणि मी मनात म्हटलं, आला मोसम. त्यांच्या धाकटीला कांजिण्या आल्यात. दुपारची वीज गेलेली, गल्लीतले सगळे लूम, कापडाचे यंत्रमाग, एकदम गप्प. एरवी त्यांची खटखट इतकी अंगवळणी पडलेली असते की ती चालू आहे हे ध्यानातही येत नाही. थांबली की मात्र कान बावरतात. मग एकेक ऐकू यायला लागतं. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली फोडणी, नाक्यावरच्या रिक्षावाल्यांची तूतू-मैंमैं, मशिदीच्या आवारातल्या नळाचं पाणी. खिडकीच्या जाळीला सुताचा पांढरा भुसा चिकटलेला असतो आणि त्यातून कडुलिंबाच्या मोहराचा वास आत येतो. लोकांना हा वास आवडतो म्हणे. मला त्याची चीड आहे.

पुनरुत्थानाच्या सणाआधीचे हे आठवडे म्हणजे आमचा, ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ. आमची मंडळी छोटी. नगर-औरंगाबादकडून नोकरीसाठी येऊन इथेच राहिलेली घरं. कुणी नर्स, कुणी शाळेत, कुणी नगरपालिकेत. भिवंडीला आम्हाला कुठल्या खणात ठेवावं ते नीटसं उमगत नाही. निजामपुऱ्यातला कापडवाला अजून विचारतो, "आप लोग गोवा से?" मी म्हणते, "नाही हो, नगरकडचे." तो मान हलवतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारतो. असो. सांगायचं होतं ते सुलोचनाबाईंचं.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून माझ्या वेण्या बाईंनी घातल्या. पाटीवर माझा हात धरून अक्षर त्यांनीच वळवलं. मी चुकले तर त्या रागवत नसत, नुसत्या चष्म्यावरून बघत, आणि ते बघणं पुरायचं. मंडळीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. पाळकसाहेब बदलून जात, नवे येत, बाई होत्या तिथेच असत. मला कुणी विचारलं असतं की देवावर जास्त विश्वास की बाईंवर, तर मी थोडा वेळ विचार केला असता.

तुरुंगातल्या माणसांना पत्रं लिहायची सेवा बाईंनी सुरू केली. उपासकाळात सुरुवात झाली आणि मग वर्षभर चालू राहिली. वीज गेली, लूम थांबले की चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही चौघी चटईवर बसायचो. लूम चालू असताना पत्र सुचायचं नाही, हातही थरथरल्यासारखा व्हायचा. समोर निळी अंतर्देशीय पत्रं, मधे पाण्याचा तांब्या, उघड्या दारातून येणारी ऊन हवा. घामानं मनगट कागदाला चिकटायचं म्हणून खाली रुमाल घ्यायचा. बाई खुर्चीवर बसून एकेक पत्र वाचायच्या आणि मग चिकटवायला द्यायच्या. तिकडे तुरुंगात ते पुन्हा फोडलं जाणार, कुणी साहेब वाचणार, शिक्का मारणार. त्यामुळे आपल्या पत्रात खाजगी असं काही नसतं, असं बाई सांगायच्या. पण लिहिणाऱ्याला तसं कुठे वाटतं?

नियम ठरलेले होते. गुन्हा काय, ते कधी विचारायचं नाही. आपलं नाव, आपलं घर कधी कळवायचं नाही; उत्तरं चर्चच्या पत्त्यावर यायची. आणि चौघींनी सही एकाच नावानं करायची, मार्थाताई. घरकाम करत राहणाऱ्या त्या शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, बहिणीचं नाव बाईंना आवडायचं. ज्याला जी लिहायची, त्याला तीच लिहीत राहायची, म्हणजे अक्षर बदलायचं नाही. अशी आमची चौघींची मिळून एक मार्थाताई होती. आम्ही तिची थट्टाही करायचो. आज मार्थाताईला सर्दी झालीय, आज मार्थाताईनं केसांना मेंदी लावलीय. बाईसुद्धा हसायच्या. पत्राच्या शेवटी एक ओळ प्रत्येकीनं लिहायचीच, ती बाईंनी घालून दिलेली: सुटून आलात की भिवंडीला या, तुमच्या बहिणीचं दार तुमच्यासाठी उघडं आहे.

माझ्या वाट्याला काशिनाथ आला. वज्रेश्वरीकडचा, शेतीवाल्या घरातला. गावाचं नाव त्यानं कधी लिहिलं नाही, नुसतं 'कुंडाच्या वरच्या अंगाला' एवढंच. अक्षर कुदळीनं काढल्यासारखं. पहिल्या पत्रात तीन ओळी होत्या, त्यातली एक तब्येतीची. मी आपली शास्त्रातलं वचन लिहायचे, प्रार्थना लिहायचे, आणि तो उत्तरात बराकीच्या गजांतून दिसणाऱ्या चिंचेबद्दल लिहायचा. एकदा त्यानं विचारलं, कुंडाचं पाणी अजून तसंच ऊन आहे का, आणि पायऱ्या दुरुस्त केल्या का. आता मला काय ठाऊक? भिवंडीत जन्म गेला, पण तिकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या घरातलं कुणी देवळाच्या गावाला कशाला जाईल?

मी गेले. एसटीनं, कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर, घरी लायब्ररीचं सांगून. रस्त्याच्या कडेला पळस पेटलेला होता. भातशेतं कापून कोरडी पडलेली, मधेच कुठे वालाचा हिरवा तुकडा. कुंडात बायका पाय सोडून बसल्या होत्या. मीही चपला काढून बसले. पाणी पहिल्यांदा चटका देतं, मग सोसतं, मग उठावंसं वाटत नाही. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कंबर दुखतीय का गो?" मी हो म्हटलं. तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं, एक पोरगी घसरता घसरता वाचली. परत आल्यावर मी हे सगळं त्याला लिहिलं, शेवाळासकट. बाईंनी वाचलं. चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, "वचन कुठाय यात?"

"आहे की, शेवटी."

"कुंड फार झालं," म्हणाल्या, पण पत्र जाऊ दिलं. त्या पत्रानंतर काशिनाथ तीन ओळींवरून पानभरावर आला. पुढच्या पावसात त्याची आई गेली, आणि त्याला रजा मिळाली ती सगळं उरकल्यावर. ते त्यानं मला लिहिलं. काय लिहिलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. ते पत्र बाईंनाही मी वाचायला दिलं नाही. येणारी पत्रं जिची तिनं वाचावीत, असं तेव्हा म्हटलं आणि त्यांनीही ताणून धरलं नाही. मी उत्तर लिहिताना रडले, आणि सही मार्थाताईची केली तेव्हा पहिल्यांदा मला ती सही खोटी वाटली नाही.

पुढच्या उपासकाळाच्या तोंडावर त्याचं पत्र आलं. होळीच्या आसपास सुटतोय. ताई, तुमी लिव्हलं हाय म्हनून येतो. एकदा पाया पडून जातो. मी ते पत्र घेऊन धावतच बाईंकडे गेले. बाई डाळ निवडत होत्या. "देवाची स्तुती असो," म्हणाल्या, आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या. मला वाटलं, आनंद झालाय, दाखवत नाहीत. मी तर मनात त्याला बसवायची खुर्चीसुद्धा ठरवून टाकली होती. चहा की सरबत, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

आणि मला कांजिण्या आल्या.

आतल्या खोलीत, अंधारात, अंगाखाली कडुलिंबाचा पाला. पाला खालच्या झुलेखाचाचींनी पाठवलेला, रोज ताजा, वर निरोप, "बिटिया को बोलो, खुजाना नहीं." बाहेर लूम सुरू व्हायचे, थांबायचे. तापात मला ती खटखट कधी पोटात चालल्यासारखी वाटायची. झावळ्यांचा रविवार आला. त्या दिवशी मंडळी हातात झावळ्या घेऊन गात गल्लीतून फिरते. गाणं आमच्या खिडकीखालून गेलं, पोरांच्या आवाजातलं, सूर सोडून. मी पाल्यात पडून ऐकत होते आणि मला फार एकटं वाटत होतं. काशिनाथ त्याच दिवशी आला होता. त्याच गाण्याच्या मागे मागे, बहुतेक त्याच खिडकीखालून.

सणाच्या पहाटे आम्ही सगळे कब्रस्तानात जमतो. मेणबत्त्या घेऊन, नवीन कपड्यांत, आपापल्या माणसांच्या कबरींपाशी. पहिला उजेड फुटला की गातो. मृत्यू हरला म्हणून आनंद करायचा दिवस तो. माझं घराबाहेर पडण्याचं ते पहिलंच निमित्त होतं. चेहऱ्यावर खपल्या, पायांत बळ नाही. आईच्या कबरीवर मेणबत्ती लावून वळले तर भिंतीकडेच्या एका कबरीला नवा चुना दिसला. ती कबर कुणाची ते कुणालाच माहीत नव्हतं. क्रूस कधीच कुजून गेलेला, वर गवत. आता गवत काढलेलं, चुना लावलेला, झेंडूची माळ. आणि निळ्या रंगानं, कुदळीनं काढल्यासारख्या त्या अक्षरात, मार्थाताई.

आधी मला वाटलं, ताप उलटला. मग बाई दिसल्या. पलीकडे उभ्या होत्या, हातात मेणबत्ती, आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. बाई आणि माझ्याकडे बघणार नाहीत, असं तोवर कधी झालेलं नव्हतं.

"बाई, हे काय आहे?"

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज आनंदाचा दिवस आहे."

मंडळी गायला लागली. सगळ्यांच्या तोंडी जिवंत झाल्याचं गाणं, आणि मी तिथे उभी राहून वाचत होते की मी मेले. हसू येईल कुणाला. मलाही त्यात हसण्यासारखं आहे हे कळतं, पण अजून हसता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी गेले. त्यांनी लपवाछपवी केली नाही, तेवढं म्हटलं पाहिजे. झावळ्यांच्या रविवारी उपासना सुटताना काशिनाथ चर्चच्या दारात आला. अंगात नवा सदरा, हातात पिशवी, पिशवीत वालाच्या शेंगा. मार्थाताई कुठायत, असं विचारू लागला, एकेकीला. मंडळी बुजली. दोघी-तिघींनी पदर सावरून पोरांना जवळ ओढलं. आमच्यातल्या तिघीही तिथेच होत्या, एकीनंही तोंड उघडलं नाही. तेव्हा बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, मार्थाताई वारल्या.

"तो मट्‌कन खालीच बसला," बाई म्हणाल्या. "मग म्हणाला, कुठं ठेवलंय ते दाखवा. आता काय करणार? रिक्षा केली. नेलं."

"आणि कुठलीही कबर दाखवलीत?"

"मी पण रडले गं तिथे," त्या म्हणाल्या. जणू ते माझ्या समाधानासाठी होतं.

"कशासाठी, बाई?"

"तुझ्यासाठी. तू लग्नाची मुलगी. तो तुरुंगातून आलेला, काय करून गेला होता देव जाणे. उद्या तुझ्या दारात येऊन बसला असता तर तुझ्या वडिलांना मी काय तोंड दाखवलं असतं?"

"मग दार उघडं आहे असं का लिहायला लावलंत?"

बाईंना खरंच नवल वाटलं. ते नवल मी विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, ते आपण आत्मिक अर्थानं लिहितो."

केसानं गळा कापणं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. दु:ख त्यांनी खोटं बोलल्याचं नव्हतं एवढं; माणूस घाबरतं, घाबरून बोलतं. दु:ख याचं की ती ओळ मी दर पत्रात मनापासून लिहीत होते, आणि ज्यांनी ती शिकवली त्यांनी ती कधीच मनापासून म्हटली नव्हती. माझा हात धरून अक्षर वळवणारा तोच हात. त्यांनी मला मारलं त्यापेक्षा, मारून झाल्यावर मला सांगायचीही गरज वाटली नाही, याचा राग जास्त आहे. "मला कधी सांगणार होतात?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुला कळून काय उपयोग होता?" आणि वालाच्या शेंगांची पिशवी पुढे केली. त्यातल्या अर्ध्या त्यांनी माझ्यासाठी ठेवल्या होत्या. मी ती पिशवी तिथेच टाकून आले.

त्यानंतर मी चटईवर बसले नाही. त्या तिघी बसत राहिल्या. मार्थाताईची सही अजून चालू आहे म्हणे, ती मेली म्हणून कुणाचं काही अडलं नाही. बाईंना भेटले की आमच्यातल्या रीतीप्रमाणे मी "सलाम, बाई" म्हणते, त्या "सलाम" म्हणतात. आता त्यांना फार दिसत नाही, पायरी उतरताना हात लागतो, आणि कधी तो हात मीच देते. हात द्यायला काही वाटत नाही. आत मात्र ते अजून तसंच आहे, ऊनऊन.

काशिनाथला मी शोधलं नाही असं नाही. त्याच वैशाखात वज्रेश्वरीला गेले, कुंडाच्या वरच्या अंगाला चढून विचारलं. एका टपरीवाल्यानं मला आपादमस्तक न्याहाळून म्हटलं, "कंचा काशिनाथ? हितं लय काशिनाथ हायेत." तुरुंगातून सुटलेला, असं मला म्हणवलं नाही, गावात त्यानं काय सांगितलं असेल कोण जाणे. मी कुंडात पाय न घालताच परत आले. मग दर वर्षी सणाच्या पहाटे जायचे तर चुना आधीच लागलेला असायचा, माळ ताजी. कधी येऊन जायचा पत्ता नाही. यंदा कब्रस्तानाच्या माळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "वो चुनेवाला? आता है, तुम्हारे त्योहार के पहले. शनिवार को."

म्हणून या शनिवारी गेले. उन्हं उतरत होती. तो होता. मी मनात ठरवलं होतं त्यापेक्षा म्हातारा, बारीक, उकिडवा बसून कुंचा फिरवत होता. शेजारी झेंडूची टोपली.

"तुमचं कोन हाय हितं?" त्यानं विचारलं.

"आई," मी म्हटलं. "तुम्ही काशिनाथ ना?"

कुंचा थांबला. मी जे इतकी वर्षं मनात घोळवलं होतं ते सगळं एका दमात बोलून टाकलं. की मार्थाताई नावाची बाई नव्हतीच. की पत्रं मी लिहायचे. की या कबरीत दुसरंच कुणीतरी आहे. बोलताना माझा आवाज इतका चिरकला की माळी लांबून वळून बघायला लागला.

त्यानं सगळं ऐकलं. चिडला नाही. कुंचा बादलीत ठेवला, हात पुसले. "न्हाय, ताई," म्हणाला. "बाई खोटं कशापायी बोलतील? देवाची बाई ती. माझ्याम्होरं रडली."

"मी कुंडावर जाऊन आले होते. तिसऱ्या पायरीवर शेवाळ आहे, मुलगी घसरली, असं लिहिलं होतं मी तुम्हाला. तुमची आई गेली तेव्हा..."

तिथे मी थांबले, कारण त्याचा चेहरा बदलला होता. मला वाटलं, पटलं. पण ते पटणं नव्हतं. तो टोपलीकडे बघत हळूच म्हणाला, "म्हंजे आयेचं पत्र तिनं वाचून दावलं? समद्यांना?"

मग मला दिसलं की मी काय केलंय. त्याच्यापाशी एकच माणूस उरलं होतं ज्यानं त्याला दगा दिला नव्हता, आणि ते मी त्याच्या हातातून काढून घेत होते. बाईंनी मला फसवलं, मंडळीनं त्याला फसवलं, आणि आता उरलेली मार्थाताईही खोटी ठरवून मी घरी जाणार होते, माझं मन मोकळं झालं म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "तिनं कुणाला दाखवलं नाही."

"मंग तुमाला?"

"मी तिच्या फार जवळची. मला ठाऊक होतं. बाकी कुणाला नाही. एक अक्षरही नाही." त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मग त्याचे खांदे सैल झाले. टोपली त्यानं माझ्याकडे सरकवली. "घाला मंग तुमीबी," म्हणाला. मी ओंजळभर झेंडू उचलले आणि ओल्या चुन्यावर, त्या निळ्या नावापाशी ठेवले. बोटांना चुना लागला. तो बादली उचलून निघाला, फाटकाशी थांबला आणि मागे वळून म्हणाला, "येत जावा, ताई. तिचं कोन येत न्हाय."